विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

रमजानमध्ये कोंढव्यातली आमची गल्ली रात्री फारशी झोपत नाही. तरावीहची नमाज आटोपून लोक परततात, मग चहा, मग गप्पा, आणि पहाटे तीन-साडेतीनला घराघरांत सहरीची भांडी वाजू लागतात. यंदा या जागरणात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातून एक निराळाच आवाज यायचा. रात्री दीड वाजता आपा खणखणीत आवाजात म्हणायची, "इंजिन टू फायर!" आणि तिचा मुलगा शांतपणे काहीतरी पुटपुटायचा. वरच्या मजल्यावरच्या चाचींनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "काल तुमच्याकडे काही पेटलं होतं का?"

माझा भाचा विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे एअरबस 320 या विमानात उजव्या खुर्चीवर बसणारा वैमानिक. एकदा लायसन्स मिळालं की वैमानिकाची परीक्षा संपली, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दर सहा महिन्यांनी त्याला सिम्युलेटरमध्ये बसून चाचणी द्यावी लागते. वर्षातून दोन चाचण्या हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि त्यातही चार महिन्यांच्या आत उरकलेल्या सारख्याच दोन चाचण्या चालत नाहीत. म्हणजे एका तयारीत दोन परीक्षा मारून नेण्याची सोयही नाही. नापास झाला की विमानाला हात लावायचा नाही. जादा सराव करायचा, पुन्हा परीक्षा द्यायची. वीस वर्षं उडवणारा कॅप्टन असो की कालचा पोरगा, नियम एकच.

मागच्या खेपेला भाचा नापास झाला होता. हे त्यानं घरात सांगितलं नव्हतं. आपाला ते महिन्याभरानं कळलं. मुलगा एवढे दिवस घरी कसा, असं विचारून विचारून तिनं ते काढून घेतलं. झालं होतं असं की, चाचणीत दोन नंबरच्या इंजिनाला आग लागल्याचा इशारा आला. त्या वेळी कॅप्टन विमान उडवत होता, आणि इशारे वाचून स्विच दाबण्याचं काम भाच्याचं होतं. दोन्ही इंजिनांचे मास्टर स्विच शेजारी-शेजारी असतात. नियम असा की, आधी स्विचवर बोट ठेवायचं, मोठ्यानं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून 'कन्फर्म' म्हणायचं, आणि मगच स्विच खाली. भाच्यानं नाव घेतलं आणि त्याच दमात स्विच बंद केला. इंजिन बरोबर बंद झालं होतं. परीक्षक म्हणाले, "इंजिन बरोबर निवडलंस, पण विचारलं नाहीस."

"बरोबर उत्तराला शून्य मार्क?" आपा वैतागली. ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. मग भाच्यानं तिला केगवर्थची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो, कारण ती ऐकून आपा गप्प झाली.

8 जानेवारी 1989. लंडनहून बेलफास्टला निघालेलं बोइंग 737-400 विमान, 126 माणसं. डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं, विमान हादरू लागलं, कॉकपिटमध्ये धूर आला. दोघा वैमानिकांनी घाईघाईत ठरवलं की बिघाड उजव्या इंजिनात आहे, आणि त्याची ताकद कमी करून ते बंद केलं. योगायोग असा की, त्याच सुमारास हादरे कमी झाले, त्यामुळे आपलं बरोबरच आहे अशी त्यांची खात्री पटली. कॅप्टननं उजवं इंजिन बंद केल्याची घोषणाही केली. मागे बसलेल्या काही लोकांना डाव्या बाजूच्या ज्वाळा दिसल्या होत्या. पण वैमानिकांना कोण शिकवणार? कोणी काही बोललं नाही. उतरताना डाव्या इंजिनाकडून जास्त ताकद मागितली, तेव्हा त्यानंही मान टाकली. धावपट्टी समोर असताना विमान महामार्गाच्या बांधावर आपटलं. 47 जण गेले. ते मॉडेल नवं होतं, आणि त्याचं सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये उपलब्ध नव्हतं.

हे जुनं झालं म्हणावं, तर 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत तेच घडलं. दोन इंजिनांचं एटीआर विमान उडालं, एक इंजिन बंद पडलं, आणि कॅप्टननं चालू असलेल्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला. चूक त्याच्या लक्षात आली, पण तोवर उंची उरली नव्हती. 43 जणांचा बळी गेला. हा कॅप्टन आदल्याच वर्षी सिम्युलेटरच्या एका चाचणीत नापास झाला होता, आणि नंतर पास झाला होता. हे सांगताना भाचा खाली बघत होता.

तेव्हापासून आपा त्याची कॅप्टन झाली. कपाटाच्या दारावर कॉकपिटचं माणसाएवढं छापील चित्र चिकटवलं. वैमानिक असं चित्र सरावाला वापरतातच. समोर जेवणाची खुर्ची. खुर्चीच्या डावीकडे बुटाचं खोकं आणि त्यात खोचलेले दोन चमचे, हे मास्टर स्विच. आपा वहीतून इशारा वाचणार, भाचा चमच्यावर बोट ठेवून नाव घेणार, आपा चष्मा लावून वाकून बघणार आणि म्हणणार, "कन्फर्म." कधी ती मुद्दाम काहीच म्हणायची नाही. बोट तसंच ठेवून तो थांबतो का, हे बघायचं. पहिल्या रात्री तो तीनदा चुकला. पाठांतर त्याचं पक्कं होतं. चाकं 250 नॉटपर्यंतच खाली सोडायची, केबिनमधला हवेचा दाब गेला तर आधी स्वतःचा मास्क, मग दहा हजार फुटांकडे. हे सगळं तो पाढ्यांसारखं म्हणायचा. हाताला थांबायला शिकवणं मात्र अवघड जात होतं.

मी एकदा विचारलं, "अरे, आग लागलेली असताना थांबायचं कसलं?" तो म्हणाला, "मामू, उड्डाण करताना इंजिन गेलं तर पहिले चारशे फूट आम्ही त्या इंजिनाच्या स्विचला हातच लावत नाही. नाक सरळ ठेवायचं, चाकं वर घ्यायची, विमान चढू द्यायचं. आग लागली तरी तेवढा वेळ असतो." ज्या वेगानंतर उड्डाण रद्द करता येत नाही, त्याला ते 'व्ही वन' म्हणतात. परीक्षक नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद पाडतात. खऱ्या आयुष्यात हा प्रसंग बहुतेक वैमानिकांवर एकदाही येत नाही. सिम्युलेटरमध्ये दर सहा महिन्यांनी येतो.

हे सिम्युलेटर म्हणजे काय, तर सहा पायांवर उभा असलेला एक मोठा पांढरा डबा. आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर पडद्यावरचं आकाश. विमान वेग घेतं तेव्हा डबा हळूच मागे कलतो आणि पाठ खुर्चीत दाबली जाते. डोळ्यांना धावपट्टी दिसत असते, त्यामुळे मेंदू फसतो. याचा मूळपुरुष एडविन लिंक. त्याच्या वडिलांचा अमेरिकेत ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. पठ्ठ्यानं ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून 1929 मध्ये लाकडी विमान डोलवलं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं समजून सोडून दिलं. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक एकामागून एक मरू लागले, तेव्हा लष्करानं लिंकची सहा यंत्रं घेतली. पेटीच्या भात्यातून एवढं निघेल, असं आपल्या कव्वालांना कधी वाटलं असेल का!

असं यंत्र फार महाग, म्हणून ते रात्रंदिवस चालवतात. भाच्याला वेळ मिळाली रात्री दोन ते सहा, दिल्लीजवळ. म्हणजे ऐन सहरीला तो त्या डब्यात. मग प्रश्न आला रोज्याचा.

"यंत्र तर जमिनीवरून हलत नाही," आपा म्हणाली, "मग प्रवास कसला?"

"पुण्याहून दिल्लीला तर जायचंय ना, अम्मी?"

मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, राहिलेला रोजा नंतर भरून काढायचा असतो, हे आपाला माहीत नव्हतं असं नाही. एकुलत्या मुलानं रमजानमध्ये रोजा सोडावा, हेच तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. भाच्यानं वाद घातला नाही. पोटात पाणी नसेल आणि झोप झालेली नसेल, तर पहाटे चारला हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, एवढंच म्हणाला. 2024 च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीनंही आपल्या वैमानिकांना उड्डाणाच्या दिवशी रोजा ठेवू नका, असं बजावलं होतं, हे मी मध्येच घातलं. आपानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खजुराची वाटी पुढे ओढली.

शेवटी तिनंच तोडगा काढला. आदल्या दिवशीचा आणि चाचणीच्या दिवशीचा असे दोन रोजे राहतील, ते ईदनंतर तो भरेल, आणि त्या दोन्ही दिवशी तीही त्याच्यासोबत रोजा ठेवेल. निघायच्या दिवशी दुपारी तिनं स्वतः त्याला जेवायला वाढलं. घरात बाकी सगळ्यांचे रोजे. तो स्वयंपाकघरात दार लोटून जेवला. तिनं त्याला दोनदा वाढलं, आणि दोन्ही वेळा काही बोलली नाही.

त्या पहाटे आम्ही सगळे सहरीला आपाकडेच होतो. फज्रची नमाज झाली, उजाडलं, फोन नाही. चार तास डब्यात, मग तासभर परीक्षकासमोर उलटतपासणी, हे सगळ्यांना पाठ झालं होतं, तरी प्रत्येक जण घड्याळ बघत होता. सात वाजून गेल्यावर फोन वाजला. पास झालास का, हे आपानं विचारलंच नाही.

"कन्फर्म म्हणेपर्यंत थांबलास?"

"थांबलो, अम्मी. कॅप्टन मुद्दाम गप्प बसले होते. तुझ्यासारखेच."

कपाटावरचं चित्र काढावं, म्हणून मी खुर्चीवर चढलो, तर आपानं खाली उतरवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ईदनंतरच्या दोन तारखांना तिनं गोल केले आहेत. सहा महिन्यांनंतरच्या पानावरही एक गोल आहे. बुटाचं खोकं सोफ्याखाली आहे. चमचे तेवढे तिनं काढून घेतले, शीरखुर्म्याला लागतील म्हणाली.