बोट आली तरच बाजार : रोटुमा बेटावरचे छोटे शेतकरी



बर्फ वितळला आणि गाडी आलीच नाही, तर मासळीचं काय होतं हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही कळतं. प्रशांत महासागरात रोटुमा नावाचं बेट आहे. तिथे हीच पाळी नारळ, अळकुड्या आणि संत्र्यांवर येते. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

रोटुमा फिजी देशात येतं, पण राजधानी सुवापासून ते 600 किलोमीटरहून जास्त उत्तरेला आहे. बेट ज्वालामुखीचं, क्षेत्रफळ सुमारे 43 चौरस किलोमीटर, वस्ती दीड-दोन हजार. भाषा त्यांची स्वतःची, रोटुमन. बहुतेक रोटुमन माणसं आता नोकरी-शिक्षणासाठी बेटाबाहेर राहतात.

माती चांगली, पाऊस भरपूर. नारळ, अळू, कसावा, नीरफणस सगळं पिकतं. तिथली संत्री तर नावाजलेली. पण बोटीचा भरवसा नाही, त्यामुळे हंगामात संत्री झाडाखालीच सडतात. म्हणजे तिथे पिकवण्यापेक्षा विकणं कठीण.

मग कार्यशाळा घेऊन काय होणार? बोट काही कार्यशाळेने येत नाही, हे खरं. पण बोट येईपर्यंत माल टिकवणं आणि त्याची किंमत वाढवणं शिकता येतं. ते असं :

१) काढणीची वेळ. कसावा जमिनीत राहिला तर थांबतो, उपटला की दोन-तीन दिवसांत खराब व्हायला लागतो. म्हणून बोटीची पक्की खबर आल्यावरच उपटायचा. संत्रं झाड हलवून पाडायचं नाही, देठाशी कापायचं. खाली पडलेलं फळ त्याच पेटीत घातलं तर सगळी पेटी जाते. आपल्याकडे एक नरम बांगडा टोपली खराब करतो, तसंच.

२) खोबरं सुकवणं. ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते ६-७ टक्क्यांवर आलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. थेट धुरावर सुकवलं तर काळं पडतं आणि भाव उतरतो. धूर बाहेर सोडून नुसत्या गरम हवेवर सुकवणारी भट्टी बांधली, तर माल पांढरा राहतो.

३) बेटावरच तेल काढणं. ताजं खोबरं किसून, गरम पत्र्यावर सुकवून, हाताच्या दाबयंत्रात लगेच पिळलं तर चांगलं तेल मिळतं. तेल जागा कमी घेतं आणि बोट उशिरा आली तरी टिकतं.

४) हिशेब. १०० नारळ फोडले, किती तेल निघालं, लाकूड किती जळलं, किती माणसं किती तास राबली, बाटली आणि बोटभाडं किती, हे सगळं वहीत. स्वतःची मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे.

कार्यशाळा कशी घ्यावी, हेही महत्त्वाचं. बेटावर सात जिल्हे आहेत आणि प्रत्येकाचा आपला प्रमुख. त्यांना धरून, रोटुमन भाषेत, भट्टीजवळ आणि शेतात शिकवलं तर लोक येतात. बायका आल्याच पाहिजेत, कारण किसणं, सुकवणं, बाटल्या भरणं यात त्यांचे हात असतात. आणि एकदा शिकवून निघून जाणं उपयोगाचं नाही. दोन-तीन महिन्यांनी परत येऊन वही बघणारं कुणीतरी हवं.

शेवटची गोष्ट आपल्या जवळची. दुसऱ्या महायुद्धानंतर रोटुमात शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. विल्सन इनिया हे शिक्षक तिचे पुढारी. पुढे ते फिजीच्या सिनेटमध्येही गेले. खोबऱ्याचा व्यापार आणि दुकानं या संस्थेने चालवली, बाहेरच्या व्यापारी कंपन्यांना मागे सारलं. तीच संस्था 1990 च्या दशकात कोसळली. एवढी मोठी संस्था गेली की लोकांचा विश्वासही जातो, आणि तो परत बसवणं सोपं नसतं.

म्हणून सुरुवात लहान करावी. चार-पाच घरांचा गट, एक भट्टी, एक वही, आणि ती वही सगळ्यांना उघडी. बेट दूरचं असलं तरी ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे.