बंदुकीची सफाई : द्रावक आणि वंगणाची निवड

बंदूक साफ करतानाचा अपघात म्हटला की नळीत राहून गेलेले काडतूस डोळ्यांसमोर येते. तो धोका खराच आहे. म्हणूनच शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवूनच सफाईला बसावे, असे सांगितले जाते. मात्र त्यानंतर हाती घेतली जाणारी बाटलीही तितक्याच विचाराने निवडावी लागते. बँकेच्या दारावरील रखवालदाराची बारा बोअरची बंदूक असो, पीकरक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याची असो अथवा नेमबाजाची रायफल. चुकीच्या द्रवाने शस्त्र बिघडते आणि कित्येकदा साफ करणाऱ्याची प्रकृतीही.

बार उडाल्यानंतर नळीत एकच मळ उरत नाही. दारूची काजळी, गोळीचे शिसे, तिच्या आवरणाचे तांबे आणि जुन्या काडतुसांच्या बाबतीत क्षार असे तिचे निरनिराळे घटक असतात. हे सारे एकाच द्रवात विरघळत नाहीत. सर्वाधिक गैरसमज क्षारांविषयी आहे.

जुन्या लष्करी काडतुसांच्या बुडाशी असलेल्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट वापरले जात असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. खाण्याच्या मिठाचा हा सख्खा भाऊ हवेतील ओलावा ओढून घेतो आणि पोलादाला गंज चढवतो. कोकणासारख्या दमट हवेत तर त्याला फार वेळ लागत नाही. हा क्षार तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाही, तो पाण्यातच विरघळतो. त्यामुळे ब्रिटिश अमदानीत .३०३ रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती. तापलेली नळी आपोआप कोरडी होई आणि मग चिंधीने तेलाचा हात फिरवला जाई. भारतात ही रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होत असे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. शस्त्रावर पाणी घालणे आज अनेकांना अडाणीपणाचे वाटेल, परंतु त्यामागील रसायनशास्त्र अचूक होते. अलीकडच्या बहुतेक काडतुसांत हा क्षार नसतो.

तांब्याचा थर काढण्यासाठी अमोनियायुक्त द्रावक वापरतात. चिंधीवर उमटणारा निळा रंग ही तांबे सुटत असल्याची खूण होय. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ ते नळीत ठेवू नये. निकेलचा मुलामा असलेल्या भागांपासून तर ते दूरच ठेवावे, कारण मुलाम्याखाली बहुधा तांब्याचाच थर असतो.

काजळीसाठी हाताशी असते म्हणून पेट्रोल वापरले जाते. हा सर्वात वाईट पर्याय आहे. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीतील शेगडीपर्यंत पोहोचते. रॉकेल साधारण ३८ अंशांच्या वर अशी वाफ सोडते, म्हणून ते तुलनेने बरे; तरीही खिडक्या उघड्या हव्यात आणि विस्तव दूर हवा. न पेटणारे म्हणून एके काळी लोकप्रिय असलेले कार्बन टेट्राक्लोराइड यकृतास घातक ठरले. त्याचा द्रावक म्हणून वापर मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून बंद झाला. ट्रायक्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या गटात टाकले. मोटारीचे ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांतही क्लोरीनयुक्त द्रावके असतात आणि ती तापल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. घटकांची यादी नसलेला डबा विकत न घेणेच इष्ट.

वंगणाचा प्रश्न भारतीय इतिहासाला अपरिचित नाही. एन्फील्डच्या काडतुसांवरील चरबीवरून असंतोष भडकल्यावर जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा देण्यात आली. तोवर उशीर झाला होता. आज प्रश्न धर्माचा नसून तापमानाचा आणि काळाचा आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, तर मोहरीचे तेल हवेत हळूहळू चिकट होते व चाप जड करते. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याच्या शस्त्रांतील तेल थिजून ती अडली होती. १९५३ मध्ये तयार झालेले डब्ल्यूडी-४० मुळात ओलावा हटवण्यासाठी होते. दीर्घकाळ टिकणारे वंगण म्हणून त्यावर विसंबू नये. शस्त्रांसाठीच बनवलेले खनिज किंवा कृत्रिम तेल पुरेसे असते, आणि तेही थेंबाथेंबाने. जास्तीचे तेल धूळ धरते. ते झिरपून काडतुसाच्या प्राइमरमध्ये शिरल्यास ऐनवेळी बार उडत नाही. नळीतील तेल तर बार करण्यापूर्वी कोरड्या चिंधीने पुसून काढलेच पाहिजे.

मळात शिसे असल्याने सफाई स्वयंपाकघरात करू नये, रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल लावले असेल, तर ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना हे तेल उष्णता सोडते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती मोकळ्या जागेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.