फिरते अध्यक्षपद: मान किती, अधिकार किती?

डिसेंबर 2022 मध्ये जी-20 च्या विकास कार्यगटाची पहिली बैठक मुंबईत झाली आणि पाहुण्या प्रतिनिधींना बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी दाखवण्यात आली. जी-20 चे फिरते अध्यक्षपद तेव्हा भारताकडे आले होते. जगाने भारताला नेता म्हणून निवडले, हा समज त्या वर्षी पक्का झाला आणि आजही टिकून आहे. प्रत्यक्षात या पदासाठी निवडणूक होतच नाही. 19 सदस्य देशांचे पाच गट केलेले आहेत. एकेका गटाची पाळी येते आणि कोणी पुढे यायचे हे त्या गटातले देश आपसांत ठरवतात. भारताची पाळी खरे तर 2022 ची होती. 2023 मध्ये इंडोनेशियाकडे आसियानचेही अध्यक्षपद येणार होते, म्हणून दोघांनी वर्षांची अदलाबदल केली. डिसेंबर 2022 मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपदही भारताकडे होते. तेही इंग्रजी वर्णानुक्रमाने महिन्यामहिन्याला फिरते आणि त्याबरोबर नकाराधिकार येत नाही.

अध्यक्ष म्हणेल तसा निर्णय होतो, हा गैरसमज अधिक घातक वाटतो, कारण त्यातून नको त्या अपेक्षा वाढतात. जी-20 मध्ये सर्वसंमती लागते. फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरूला अर्थमंत्र्यांच्या बैठकीत युक्रेनवरच्या मजकुराला रशिया आणि चीनने हरकत घेतली, आणि संयुक्त निवेदनाऐवजी अध्यक्षांचा सारांश काढावा लागला. मग हे पद नुसते शोभेचे का? तसेही नाही. चर्चेला काय घ्यायचे, मसुदा कसा मांडायचा, कोणाला बोलवायचे, हे यजमान ठरवतो. आफ्रिकी संघाच्या सदस्यत्वाचा आग्रह भारताने धरला आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीत तो सर्वांनी मान्य केला. माझ्या मते त्या वर्षाचे खरे श्रेय इथे आहे.

दरवर्षी नवा अध्यक्ष आला तर सातत्य कसे राहणार, ही शंका मात्र रास्त आहे. जी-20 ला कायमचे सचिवालय नाही. मागचा, चालू आणि पुढचा यजमान मिळून काम पुढे नेतात. युरोपीय संघाला एवढे पुरेसे वाटले नाही. तिथे मंत्र्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरत राहिले, पण राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेला डिसेंबर 2009 पासून अडीच वर्षांचा स्वतंत्र अध्यक्ष मिळाला. जुलै 2024 मध्ये हंगेरीकडे सहामाही पाळी येताच पंतप्रधान ओर्बान मॉस्कोला गेले, तेव्हा ते संघाच्या वतीने बोलत नाहीत, असे ब्रुसेल्सने लगेच जाहीर केले.