एव्हीएलमधला क्यू

सोलापुरात, तेही मे महिन्यात, बाळाला घाम येतो म्हटलं तर कोण मनावर घेणार? मी एवढंच विचारते, "दूध पितानाच येतो का?"

"व्हय मॅडम. चार घोट पितंय अन् थांबतंय. रडतंय, पांढरं पडतंय."

बहुतेकदा पोटदुखी समजून गुटी देऊन झालेली असते. बाळ दोन-तीन महिन्यांचं आणि एक्स-रेत हृदय मोठं, की ईसीजी लगेच काढायचा.

हे सबुरीचं काम. मोठ्यांच्या ईसीजीचे रबरी फुगे एवढ्याशा छातीवर मावत नाहीत. जेल पसरून एकमेकांत मिसळलं, तर शेजारशेजारच्या लीडची नोंद सारखीच येते. म्हणून घाम पुसून इलेक्ट्रोडच्या लहान चिकटपट्ट्या लावायच्या आणि बाळ निवांत होईतो थांबायचं. पाय झाडले की रेघ बिघडलीच.

कागद हाती आला की आधी लीड वन आणि एव्हीएल पाहायचं, मग व्ही फोर ते व्ही सिक्स. लीड थ्रीमधला खोल क्यू, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीला रेघेने मारलेली खालची बुडी, या वयात बहुधा निर्धोक. पण एव्हीएलमध्ये तो तीन बारीक चौकटींहून खोल आणि रुंदही असला, तर ते साठीतल्या माणसाच्या हार्ट अटॅकचं चित्र असतं.

कारण जन्मजात असू शकतं : डावी कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी, महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघते. गर्भात तिथला दाब जास्त असतो, म्हणून निभावतं. जन्मानंतर काही आठवड्यांत दाब उतरतो आणि उजव्या कोरोनरीकडून आलेलं रक्तही उलटं फुप्फुसाकडे वाहून जातं. डाव्या कप्प्याचा स्नायू उपाशी राहतो. निकामी भागातून विद्युतप्रवाह उमटत नाही. इलेक्ट्रोडला पलीकडे दूर जाणारा प्रवाह तेवढा दिसतो आणि रेघ खाली उतरते. बॉस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलंड यांनी 1933 मध्ये तीन महिन्यांच्या बाळात हे वर्णिलं. अंदाजे तीन लाख जन्मांत एक, इतका हा दोष विरळा.

मायोकार्डायटिसमध्येही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आली तरी, असा क्यू दिसू शकतो. म्हणून टू डी इकोत डावी कोरोनरी कुठून निघते, ते शोधायलाच हवं. ईसीजी ठीक आला म्हणूनही इको टाळायचा नाही. निदान पक्कं झालं की शस्त्रक्रियेसाठी पुणे किंवा मुंबई गाठायची. तिथे कोरोनरी महाधमनीला जोडतात आणि थकलेला स्नायू पुष्कळदा सावरतो.

चिठ्ठीसोबत मी ईसीजीची झेरॉक्स देते, कारण थर्मल कागद इथल्या उन्हात काळा पडतो. ऑपरेशननंतर क्यू कितपत उथळ झाला, हे ताडून पाहायला पहिली पट्टी लागते.