गुरुवारची सुट्टी

भोसरी एमआयडीसी. साडेतीन वाजून गेलेत, फर्स्ट शिफ्ट सुटली आहे, पण गेटबाहेर आलेली माणसं गाड्यांना किक मारत नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर एकेक करून सगळी जमताहेत. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच फोटो आहे, टाइम ऑफिसजवळच्या फलकाचा. एक पोरगा तो मोठा करून वाचतो: येत्या सोमवारपासून साप्ताहिक सुट्टी रोटेशननं, कुणाची कोणत्या वारी ते आदल्या शनिवारी कळेल. पहिली पाळी सातऐवजी सहाला. खाली सही आणि शिक्का.

आज शुक्रवार आहे. कालचा गुरुवार त्यांनी नेहमीसारखा सुट्टीत घालवला, आणि तो हक्काचा शेवटचा गुरुवार असेल असं तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हतं.

या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. विजेचा सगळा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात पिंपरी-चिंचवड-भोसरीकडे गुरुवार आला. त्या वाराभोवती इथली घरं उभी राहिली आहेत. पॅकिंगमधल्या एक ताई मला सांगतात, "सासूबाईंना वायसीएम हॉस्पिटलला दाखवायचं ते गुरुवारी. बँक, रेशन, पोराच्या शाळेतली मीटिंग, सगळं गुरुवारी. खाडा पडत नाही ना." शेजारचा तरुण मध्येच म्हणतो, "मला तर रविवार चालेल. पोरगी घरी असते." त्याचंही खरंच आहे. पण फलकावर रविवारही नाही. दर आठवड्याला वेगळा वार आहे, आणि तो दोन दिवस आधी कळणार आहे. ताईंचे मिस्टर शेजारच्याच कंपनीत आहेत. त्यांचा गुरुवार तसाच राहणार, म्हणजे दोघं एकत्र घरी असतील असा दिवस कधी येईल याचा भरवसाच उरत नाही.

पांढऱ्या मिशांचे एक काका स्कूटर लावून गर्दीत शिरतात. पलीकडच्या कंपनीत त्यांनी युनियनचं काम केलं, आता निवृत्त आहेत. हातात कायद्याचं पुस्तक, पानांना खुणा लावलेल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न: "हा कागद फलकावर लागला कधी?"

"आज सकाळी."

"मग सोमवारपासून कसं काय? एकवीस दिवस कुठं गेले?"

गर्दी गप्प होते. काका सावकाश सांगतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४० म्हणतं की, कामाचे तास, विश्रांतीची वेळ, सुट्ट्या, स्थायी आदेशांना सोडून पाळीत केलेला बदल, यातलं काहीही बदलायचं तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस दिल्यापासून एकवीस दिवस तो बदल अमलात आणता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच कलम ९-अ होतं. टाटा आयर्न अँड स्टील विरुद्ध त्यांचे कामगार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच सांगितलं आहे की, आठवड्याची सुट्टी रविवारवरून दुसऱ्या वारावर न्यायची तरी ही नोटीस लागते. का, तर बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल याचा विचार करायला आणि आपली बाजू मांडायला कामगाराला वेळ मिळावा म्हणून.

"म्हणजे सुट्टी बदलताच येत नाही त्यांना?" एक जण आशेनं विचारतो.

"येते. बदलता येते," काका स्पष्ट सांगतात. "पण विचारल्याशिवाय नाही. अचानक अडचण आली म्हणून पाळी बदलायची सवलत कायद्यात आहे, पण तीही तक्रार निवारण समितीशी बोलून. तुमच्या समितीला कुणी बोलावलं?"

समितीतला एक जण इथंच उभा आहे. तो मान हलवून नाही म्हणतो.

मला त्या सहा वाजताच्या पाळीचा आकडा खुपतो आहे. नव्या कामगार संहितांनुसार बायकांना सकाळी सहाच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर कामावर घ्यायचं तर त्यांची संमती लागते, सुरक्षेची जबाबदारी मालकावर येते. इथं पाळी बरोबर सहाला ठेवली आहे. कागदावर सगळं नियमात बसतं. पण मोशीच्या पुढून येणाऱ्या त्या ताईंना पाचच्या आधी घर सोडावं लागेल, भाकऱ्या त्याच्याही आधी. ती अंधारातली वाट कुणाच्याच तासांत मोजली जात नाही. बरोबर सहाच, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही, आणि हरकतीच्या पत्रात ते यायलाच हवं असं मी काकांना म्हणते. ते लगेच लिहून घेतात.

पत्र टपरीच्या बाकड्यावरच तयार होतं. नोटीस न देता केलेला बदल आम्हाला मान्य नाही, एकवीस दिवसांची रीतसर नोटीस द्या, तोवर गुरुवार आणि सातची पाळी चालू ठेवा. सह्या सुरू होतात. रस्त्याच्या पलीकडे मात्र दहाबारा पोरं नुसती बघत उभी आहेत. ती कंत्राटी. आत त्याच मशीनवर तेच काम करतात, बदल त्यांनाही लागू आहे. त्यांच्यातला एक जण येऊन हळू आवाजात सांगतो, "आमची नावं नका घालू, दादा. ठेकेदार फोनवरच सांगतो, उद्यापासून येऊ नको." काका त्याला आग्रह करत नाहीत. पत्रात एक ओळ वाढवतात: ही मागणी कंत्राटी कामगारांसाठीही आहे. या हक्काची सगळ्यात कच्ची बाजू मला इथंच दिसते. कलम सगळ्यांसाठी आहे, पण ते मागायला पुढे यायची ऐपत ज्याची नोकरी पक्की त्याचीच.

कोपऱ्यावरून झेरॉक्स येतात. समितीतला माणूस आणि ताई गेटवर जातात, मी मागे थांबते. एचआरचे साहेब बाहेर येतात, पत्र वाचतात, हसून म्हणतात, "अहो, आपण घरची माणसं. सोमवारी बसून बोलू ना, कागद कशाला?"

"घरच्यांना आधी विचारतात, साहेब," ताई म्हणतात आणि दुसरी प्रत पुढे करतात. "यावर पोच द्या. तारीख आणि वेळ घाला."

साहेब फोनवर कुणाशी तरी बोलतात. बराच वेळ. मग सही करतात, वेळ घालतात: चार पन्नास.

पोच हातात येताच काका घड्याळ बघतात. उद्या शनिवार, परवा रविवार, सरकारी कार्यालयं बंद. कामगार आयुक्तालयात तक्रार द्यायची तर ती आजच, नाहीतर थेट सोमवारी, म्हणजे बदल लागू झाल्यावर. समेट अधिकाऱ्यापुढे वाद दाखल होऊन समेट सुरू झाला की, त्या वादाच्या बाबतीत कामगारांना जाचक होईल असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून घाई.

"दोघं जण निघा. शिवाजीनगर. सव्वासहाच्या आत आवकमध्ये शिक्का पडला पाहिजे," काका पुस्तक त्या तरुणाच्या पिशवीत कोंबतात. "फलकाचा फोटोसुद्धा प्रिंट काढून जोडा. आणि नाशिक फाट्याला ट्रॅफिक तुंबायच्या आत पुढं काढा."