केळे, कोको आणि साखरेचा डबा

मराठी घरात अवेळी पाहुणा आला आणि गोडाचे काही सिद्ध नसले, तर गृहिणीची लाज राखणारा एक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो म्हणजे शिकरण. केळी चिरावीत, वर दूध ओतावे, साखर आणि वेलदोड्याची पूड घालावी, की पोळीशी खाण्याजोगे गोड तयार. चूल पेटवावी लागत नाही की तूप कढवावे लागत नाही. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे असो, मराठी कुटुंब जेथे जाऊन स्थिरावले तेथे शिकरणही त्याच्याबरोबर गेले.

आजच्या मुलांच्या तोंडी मात्र नाव असते चॉकलेट-बनाना शेकचे. नाव इंग्रजी असले तरी पदार्थ शिकरणाच्याच कुळातला आहे. वेलदोड्याची जागा कोकोने घेतली आणि वाटीची जागा पेल्याने, एवढाच काय तो फरक. तेव्हा तो घरी करणे मुळीच अवघड नाही. तो पौष्टिक राखणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

अडचण केळ्यात नाही आणि दुधातही नाही. ती ‘चॉकलेट’ या शब्दात दडलेली आहे. बहुतेक घरांत या शेकसाठी बाटलीतले चॉकलेट सिरप अथवा ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणारी पूड वापरली जाते. रंग कोकोचा, वासही कोकोचा. म्हणून आत कोकोच असणार, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण डबा फिरवून त्याची मागची बाजू वाचावी. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचे बंधन आपल्याकडे उत्पादकांवर आहे, आणि अशा डब्यांवर बहुधा पहिले नाव साखरेचे आढळते. म्हणजे आई मुलाला कोको पाजते असे समजते, तेव्हा ती प्रामुख्याने साखर पाजत असते. त्यावर घरच्या डब्यातली आणखी दोन चमचे साखर पडते, आणि वाढदिवस असला तर आइस्क्रीमचा गोळाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेली शिफारस येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. वरून घातलेल्या व तत्सम मोकळ्या साखरेचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावा, आणि तो पाच टक्क्यांखाली आणता आला तर अधिक बरे, असे ती सांगते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढाला हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडते; लहान मुलांना त्याहून कमी. चहाचा एक चमचा साखर ४ ते ५ ग्रॅम भरते. हिशेब कोणालाही करता येईल. दुधात घालण्याच्या अशा पुडींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणवून घेण्याचा अधिकार किती, हा प्रश्न सरकारदरबारीही उपस्थित झाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, असे निदर्शनास आल्यावर एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढण्याची सूचना दिली.

मग खरा कोको कोणता? कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या, की त्यांचा लगदा होतो. त्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. हा स्निग्धांश दाबयंत्राने पिळून काढण्याची रीत हॉलंडमधील व्हॅन हाउटेन घराण्याने १८२८ साली रूढ केली. मागे राहिलेल्या पेंडीची पूड म्हणजेच बिनसाखरेचा कोको. डब्यावर घटक म्हणून केवळ कोकोचेच नाव असेल, तो डबा घ्यावा. कधी कधी कोकोचा आंबट-कडूपणा घालवण्यासाठी त्यावर क्षाराची प्रक्रिया केलेली असते. असा कोको रंगाने गडद आणि चवीला सौम्य लागतो, पण त्यातील काही उपयुक्त द्रव्ये प्रक्रियेत घटतात. या पुडीत सुमारे एक-तृतीयांश तंतू आणि एक-पंचमांश प्रथिने असतात हे खरे. परंतु पेल्यात ती पडते दोन-तीन ग्रॅम, तेव्हा त्या प्रथिनांचा गवगवा करण्यात अर्थ नाही. कोको येथे चवीसाठी आहे. आता केरळ, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात नारळी-पोफळीच्या बागांतून त्याचे पीक निघते, म्हणून तो अगदीच परका राहिला आहे असेही नव्हे.

कोको कडू, म्हणून साखर हवी, हे म्हणणे केळे कच्चट असेल तरच खरे. हिरव्या केळ्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पिष्ट असते. केळे पिकत जाते तसे त्याचे साखरेत रूपांतर होते, आणि पूर्ण पिकलेल्या फळात पिष्ट जेमतेम एक-दोन टक्के उरते. म्हणून सालीवर काळे-तपकिरी ठिपके पडू लागलेले, देठाशी हिरवेपणा न राहिलेले केळे निवडावे. फळवाल्याने ‘उद्या खराब होतील’ म्हणून बाजूला ठेवलेला घड या कामी उत्तम. जळगावची असोत, बऱ्हाणपूरची असोत वा भरूचची, बाजारात मिळणारी नेहमीची लांब केळी यास चालतात. इवलाली वेलची केळी अधिक सुवासिक. ती एकाच्या जागी दोन घ्यावीत. राजेळी मात्र तळून वा शिजवून खाण्यातच तिची शोभा आहे.

दोन पेल्यांस मध्यम आकाराची दोन केळी, पोह्यांचा एक सपाट चमचा कोको आणि ३०० मिलिलिटर तापवून गार केलेले दूध पुरे होते. कोकोत स्निग्धांश असल्यामुळे तो थंड दुधात टाकला, की गुठळ्या होऊन वर तरंगतो, आणि मिक्सर कितीही फिरवला तरी कडू कण जिभेला लागतात. यासाठी अगोदर वाटीत कोको घेऊन त्यात दोन-तीन चमचे कढत दूध घालावे व चकचकीत लेप होईपर्यंत घोटावे. वेळ लागतो तो मिनिटभराचा; पण शेक बिघडतो तो बहुधा हे मिनिट वाचवल्यामुळेच. मग केळ्यांचे काप, हा लेप, मिठाची एक चिमट आणि निम्मे दूध मिक्सरमधून काढावे; गुळगुळीत झाल्यावर उरलेले दूध घालून क्षणभर फिरवावे. मिठाने कडूपणा दबतो आणि गोडी उठून येते. मिक्सर नसेल तर केळी हाताने कुस्करून ताकाच्या रवीने घुसळावीत. पेय थोडे रवाळ होईल, चव उणी पडणार नाही. वेलदोडा हवा तर घालावा. गाईच्या दुधाचा असा एक पेला सुमारे १९० कॅलरींचा होतो, म्हशीच्या सायीसकट दुधाचा २४० च्या पुढे जातो. साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला म्हणजे पेय निर्दोष झाले, ही समजूत काढून टाकलेली बरी. शरीराच्या हिशेबी तीही मोकळी साखरच.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कोकोतील फ्लॅव्हॅनॉल ही द्रव्ये रक्तवाहिन्यांस हितकर मानली जातात, आणि त्या लोभाने अनेक जण केळ्याच्या शेकमध्ये कोको घालू लागले आहेत. तथापि २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निराळेच दिसले. कापलेले केळे ज्या विकरामुळे काळे पडते, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या द्रव्यांनाही निकामी करते. केळ्याच्या पेयातून ती घेतली असता, कॅप्सूलमधून घेतल्याच्या तुलनेत शरीरातील त्यांची पातळी ८४ टक्क्यांनी कमी आढळली. प्रयोग थोड्याच माणसांवर झालेला असला, तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. ज्यांना कोकोचा हा गुण हवा असेल त्यांनी तो केळ्यावाचून, नुसत्या दुधात वा पाण्यात घ्यावा. केळ्याबरोबरचा कोको स्वादासाठी प्यावा. केळ्यातील पोटॅशियम आणि दुधातील कॅल्शियम यांना त्याने बाध येत नाही.

दूध आणि केळे हा आयुर्वेदाने विरुद्धाहारात गणलेला योग आहे, आणि कफप्रकृतीच्या मुलांस तो देऊ नये असे अनेक वैद्य सांगतात. शिकरणावर वाढलेल्या घरांनी तो उपदेश कितपत मानला हे उघडच आहे. तरी ज्या मुलास तो पचत नाही त्याला आग्रहाने पाजण्याचे कारण नाही. मधुमेही व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून हा पेला हाती धरू नये. आणखी असे, की दळून द्रवरूप झालेले फळ चावून खाल्लेल्या फळाइतकी तृप्ती देत नाही. ब्रिटनमधील आहारशास्त्रज्ञ तर अशा दळलेल्या फळातील साखरही मोकळ्या साखरेतच धरतात. म्हणून पेला लहान असावा, तो न्याहारीच्या जागी असावा, जेवणावर नव्हे. कोकोत थोडे कॅफीन असल्याने निजण्याच्या वेळी तर नकोच.

शेक केल्याबरोबर प्यावा. तासभर राहिला तर रंग काळवंडतो व खाली पाणी सुटते. केळी एकदम पिकून काळी पडू लागली तर ती सोलून, काप करून, झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत. दुसऱ्या दिवशी हे काप तसेच मिक्सरमध्ये घातले, की बर्फ लागत नाही, दूध पातळ होत नाही, आणि शेक इतका दाट होतो, की तो पेल्यातून पिण्याऐवजी शिकरणासारखा वाटीत घेऊन चमच्याने खावा लागतो.