वाळूतली वळवळणारी रेघ

चौपाटीवर अनवाणी खेळलेल्या मुलाच्या तळपायावर काही दिवसांनी लाल, नागमोडी रेघ उमटते. ती रोज थोडी पुढे सरकते, रात्री खाज झोपू देत नाही. गजकर्ण समजून पालक मलम चोळत राहतात. खरे तर ती हुकवर्मची अळी असते. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून ती ओल्या वाळूत येते आणि उघड्या त्वचेतून आत शिरते. डॉक्टरांनी दिलेल्या जंतांच्या गोळ्यांनी हा त्रास बरा होतो.

जुहू असो वा गिरगाव, भटकी कुत्री सगळीकडेच. शिवाय सांडपाण्यातले जंतू वाळूत पाण्यापेक्षाही जास्त साठू शकतात. म्हणून वाळूत चप्पल घाला, बसायला चटई अंथरा, नाल्याच्या मुखापासून दूर राहा. पायाला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर अनवाणी चालणे टाळाच. घरी येताच हातपाय साबणाने धुवा.